घरपोच 'एसटीडी पॅकेज' आणि सिव्हिलचं सुरक्षा क्लिनिक: एकाच रक्ताचे दोन रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते. घरी येऊन रक्त नेणाऱ्या खासगी लॅबच्या एसटीडी, म्हणजे लैंगिक संबंधांतून लागणाऱ्या आजारांच्या, पॅकेजला पाचापैकी दोन. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र) आणि तिथलंच सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांची ओपीडी), दोन्हीला मिळून साडेचार. अर्धा कापलाय तो बाकड्यासाठी, त्याचं पुढे सांगते. लॅबचं नाव लिहीत नाही. घेण्याआधी मी बऱ्याच कंपन्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. नाव आणि रंग बदलतो, माल साधारण तोच.

मी पतसंस्थेत कॅशिअर आहे. अडतीस वर्षांची, घटस्फोटाला दोन वर्षं होऊन गेलीत, मुलगा पाचवीत. ज्याच्याशी आता फक्त मुलाच्या फीपुरतं बोलणं उरलंय, त्या माणसाचा एका संध्याकाळी मेसेज आला. त्याला आखातात नोकरी लागत होती, त्यासाठीच्या मेडिकलमध्ये रक्तात सिफिलिस निघालं. 'डॉक्टर म्हणतात जुनं असेल. तू पण एकदा तपासून घे.' त्यानं कळवलं, एवढं त्याच्या खात्यावर जमा. न कळवणारे ढीगभर असतात, हे नंतर समुपदेशक ताईंकडून कळलं.

त्या रात्री मी काय केलं असेल? मोबाइलवर वाचत बसले. सिफिलिस म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं गरमी म्हणायची ते. पहिली जखम दुखत नाही, काही आठवड्यांत आपली आपण भरून येते. मग अंगावर पुरळ, तोही जातो. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. आणि उपचार न झालेल्यांपैकी काहींना खूप वर्षांनी हृदय, मेंदू, डोळे. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच गणित सुरू झालं: घटस्फोटानंतरची दोन वर्षं, त्याआधी वेगळं राहिल्याचे महिने, आणि त्याही आधीची कधीपासूनची? एवढा काळ हे अंगात असेल तर आता तपासून काय उपयोग, वेळ निघून गेली असणार, असंच मी धरून चालले.

एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या वैद्यांची पत्रकं असतात म्हणे. ती पुरुषांसाठी. बायकांसाठी कुठली भिंत आहे?

पॅकेज घेण्याचं कारण साधं होतं. आमच्या गावातल्या दोन्ही लॅबवाल्यांची पिग्मी माझ्याच काउंटरला जमा होते. त्यांच्याकडे जाऊन 'व्हीडीआरएल करा' (सिफिलिसची रक्ततपासणी) म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पासबुकावर शिक्का मारायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं. अॅपवर बुकिंग, शेजारच्या शहरातून माणूस येणार, रिपोर्ट मोबाइलवर. सात हजार खोडून साडेतीन हजार. यादी लांबलचक: एचआयव्ही १ व २, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, व्हीडीआरएल, हर्पिस १ आणि २ च्या दोन तऱ्हेच्या अँटिबॉडीज (आयजीजी आणि आयजीएम), क्लॅमिडियाच्या अँटिबॉडीज. यादी लांब की माणसाला वाटतं पैसे वसूल.

लॅबचा मुलगा सकाळी आला, वेळेवर. जिन्यातूनच विचारलं, 'मॅडम, एसटीडी पॅनल तुमचंच ना?' वरच्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घ्यायला दारात उभ्या. काकूंना एसटीडी म्हणजे पूर्वीचा ट्रंक कॉलचा बूथ एवढंच माहीत असावं अशी आशा आहे. रक्त मात्र त्यानं सफाईनं काढलं. एका टोच्यात, नंतर निळं काळं काही नाही. दोन स्टारांपैकी एक त्याच्या हाताचा.

पण तपासणी कशासाठी करताय, शेवटचा संबंध कधीचा, काही त्रास आहे का, गरोदर आहात का, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. त्या मुलानं विचारावं असं माझं म्हणणं नाही, ते त्याचं कामच नाही. पण कुणीतरी विचारायला हवं होतं. एचआयव्हीची तपासणी करण्याआधी माणसाला समजावून सांगून त्याची संमती घ्यायची, असा २०१७ चा कायदा आहे. माझी संमती म्हणजे अॅपमधली एक चौकट, जिच्यावर बोट ठेवल्याशिवाय पैसे भरण्याचं पान उघडत नव्हतं.

रिपोर्ट रात्री आला, पीडीएफ. दोन ओळी लाल अक्षरांत. हर्पिस १ आयजीजी पॉझिटिव्ह. व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, १:४. बाकी सगळं काळ्यात, एचआयव्हीसुद्धा नॉन-रिअॅक्टिव्ह, पण लाल दिसल्यावर काळं कोण वाचतं? खाली बारीक अक्षरात 'लक्षणे व वैद्यकीय इतिहासाशी पडताळून पाहावे'.

आता जे मला नंतर समजलं ते इथेच सांगते, कारण पॅकेजचा खरा दोष इथे आहे. हर्पिसचा पहिला प्रकार म्हणजे ओठावर जे 'तापाचे फोड' येतात तो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या दोन तृतीयांशाच्या आसपास लोकांच्या अंगात तो आहे, बहुतेकांना लहानपणीच लागलेला. काही त्रास नसताना ही चाचणी करूच नये असा डॉक्टरांचा सल्ला असतो, कारण तिच्या उत्तरावर करण्यासारखं काही नसतं. ती लाल ओळ म्हणजे निव्वळ घाबरवणं. क्लॅमिडियाचं उलटं. तो खरोखर तपासण्यासारखा आजार, बायकांमध्ये बहुतेकदा लक्षणंच दाखवत नाही, आणि पुढे गर्भनलिका खराब करू शकतो. पण तो आत्ता आहे की नाही हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून कळत नाही. त्याला स्वॅब किंवा लघवी लागते आणि त्यावर पीसीआर. पॅकेजमध्ये ना स्वॅब, ना लघवी. म्हणजे काळ्या अक्षरातला 'निगेटिव्ह' वाचून मी निश्चिंत झाले असते तर ते निश्चिंत होणं पोकळच होतं.

आणि व्हीडीआरएल. खरा मुद्दा तोच. पण ही चाचणी एकटी पुरत नाही. गरोदरपणात, ल्युपससारख्या आजारात, एखादा ताप येऊन गेल्यावरही ती खोटी रिअॅक्टिव्ह येऊ शकते. तिच्या जोडीला टीपीएचए करतात, मग काय ते नक्की होतं. साडेतीन हजारांत टीपीएचए नव्हती. नको त्या चाचण्या भरभरून, आणि हवी ती गायब.

पॅकेजमध्ये 'मोफत डॉक्टर कन्सल्टेशन' होतं, त्याचा फोन दुसऱ्या दिवशी ऐन काउंटरच्या वेळेला. मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन घेतला. पलीकडून, 'मॅडम, आपका व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह है, किसी स्किन के डॉक्टर को दिखा दीजिए.' किती जुनं असेल, उशीर झालाय का, मुलाला काही झालं असेल का? 'वो हम नहीं बता सकते.' यात खोटं काही नाही, रक्तावरून किती जुनं ते कळतच नाही. पण 'कळत नाही' आणि 'सांगू शकत नाही' यांत फरक आहे, तो सांगायला आणखी दोन वाक्यं लागली असती. फोन ठेवल्यावर मेसेज आला: पार्टनरच्या तपासणीवर वीस टक्के सूट.

तिथून १०९७ या टोल-फ्री नंबरवर फोन केला. एड्सची सरकारी हेल्पलाइन. मला वाटलं होतं सिफिलिस म्हटल्यावर 'आमच्याकडे नाही' म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. जवळचं आयसीटीसी कुठे, सुरक्षा क्लिनिक कुठे, ओपीडीची वेळ काय, सगळं शांतपणे सांगितलं. नाव विचारलं नाही.

आमचं सिव्हिल म्हणजे केसपेपरच्या खिडकीपासून रांगा आणि फिनाइलचा वास. मी कपाळावर ओढणी घेऊन गेले होते. आयसीटीसी क्षयरोग विभागाच्या शेजारी, दारावर लाल फीत. आणि बाहेर ते बाकडं. केसपेपरची रांग ज्या व्हरांड्यातून जाते, नेमकं त्याच व्हरांड्यात, रांगेकडे तोंड करून. रांगेतला प्रत्येक माणूस वेळ घालवायला समोर बघणार, आणि समोर आम्ही. आत एवढी गुप्तता पाळतात आणि बाहेर असं प्रदर्शन. अर्धा स्टार गेला तो इथे. बाकडं फक्त वळवलं तरी मी तो परत देईन.

नावानं हाक मारत नाहीत, चिठ्ठीवरच्या नंबरानं बोलावतात. आत गेल्यावर ताईंनी दार लावलं. लहानशी खोली, टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर जुनी पोस्टरं. मी मोबाइल पुढे केला, रिपोर्ट उघडूनच. त्यांनी तो हातानं बाजूला सरकवला. 'हा बघू नंतर, ताई. आधी तुम्ही सांगा, काय झालं?'

मेसेज आल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मध्ये थांबवून नेमकं विचारायच्या. शेवटचा संबंध कधी? त्यानंतर कुणाशी? कधी रक्त चढवलं होतं का? गर्भपात? मूल कधीचं? विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि मला तेच हवं होतं. मग काय काय तपासणार, रिअॅक्टिव्ह आलं तर पुढे काय, रिपोर्ट फक्त माझ्या हातात मिळेल, फोनवर नाही, घरच्या कुणालाही नाही, हे सगळं सांगून झाल्यावर कागद सहीसाठी पुढे केला.

मी विचारलं, 'फार उशीर झालाय ना?'

'एचआयव्हीपुरतं बोलायचं तर उशीर झाला म्हणूनच तुमचा आजचा रिपोर्ट पक्का,' त्या म्हणाल्या. इथल्या रॅपिड टेस्टमध्ये अँटिबॉडी दिसायला काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात. दोन वर्षांनंतर नॉन-रिअॅक्टिव्ह आलं म्हणजे त्या लग्नापुरता विषय संपला. 'माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी धावत येणारी पोरं असतात. निगेटिव्ह कागद घेऊन नाचत निघतात. त्यांना परत खुर्चीत बसवायला लागतं, की बाबा, हे कालचं नाही, मागचं सांगतंय.' जिथे तासांवर हिशोब असतो ती गोष्ट वेगळी: धोका वाटला तर ७२ तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या, गोळ्या सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायच्या. तिथे उशीर म्हणजे खरोखर उशीर. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज चढला. रोज सांगूनही लोक चौथ्या दिवशी येत असणार.

एचआयव्हीचा निकाल त्याच दिवशी मिळाला, नॉन-रिअॅक्टिव्ह. रिअॅक्टिव्ह असता तर तीन वेगवेगळ्या किटवर पडताळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सिफिलिसचा रिपोर्ट घ्यायला पुन्हा जावं लागलं. आरपीआर (व्हीडीआरएलच्याच जातीची चाचणी) १:८, टीपीएचए पॉझिटिव्ह. म्हणजे खरंच आहे.

मी हादरले ते आकड्यानं. लॅबमध्ये १:४ होतं, इथे १:८. इतक्यात दुप्पट? ताईंनी मला स्किन-व्हीडीच्या (त्वचा आणि गुप्तरोग विभागाच्या) डॉक्टर मॅडमकडे नेऊन सोडलं आणि मॅडमनी कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. १:२, १:४, १:८, १:१६. रक्त प्रत्येक वेळी दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठवर चाचणी लागते ते बघायचं. एका पायरीचा फरक हा फरक धरतच नाहीत, कीट बदललं किंवा हात बदलला तरी तो पडतो. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, तेव्हाच काही घडलं म्हणायचं. आणि त्यासाठी पुढची प्रत्येक तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करायची. आज व्हीडीआरएल आणि उद्या आरपीआर असं करून आकडे जुळवायचे नाहीत. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या बाईला याहून चांगलं कुणी समजावू शकलं नसतं.

जाताना मी बाळंतपणाची निळी फाइल बरोबर नेली होती, ताईंच्या सांगण्यावरून. दहा वर्षांपूर्वीच्या कागदांत, सोनोग्राफीच्या फोटोंखाली, एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. एचआयव्ही नॉन-रिअॅक्टिव्ह, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) निगेटिव्ह, व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह. तिसऱ्या महिन्यातली तारीख. गरोदर बाईच्या या तपासण्या करतातच, माझ्याही झाल्या होत्या, फक्त कशाच्या ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी चिठ्ठीवरच्या तारखेखाली पेनानं रेघ मारली. 'इथपर्यंत नव्हतं. म्हणजे जे झालं ते यानंतर.' दहा वर्षं सांभाळलेल्या फाइलीतला तो एक कागद कामाला आला.

मग त्यांनी विचारलं, कधी अंगावर पुरळ आला होता का, विशेषतः तळहात-तळपायावर. आला होता. मुलगा बालवाडीत होता तेव्हा. दोन्ही तळव्यांवर तांबूस, मसुराएवढे ठिपके. तेव्हा एका डॉक्टरांनी साबणाची अॅलर्जी म्हणून गोळ्या आणि गुलाबी लोशन दिलं होतं. 'खाजत होते?' नव्हते. मॅडमनी मान हलवली, केसपेपरवर लिहिलं आणि तेच असेल असं ठामपणे म्हटलं नाही. पण खाज नसलेले तळव्यावरचे ठिपके दिसले की व्हीडीआरएल करायचीच, असं शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना ऐकवलं. हो, शिकाऊ डॉक्टर. चार-पाच जणं गोल करून उभी होती. मी म्हटलं, तपासताना ही नकोत. मॅडमनी लगेच बाहेर पाठवली. मागितलं तर मिळतं, पण मागावं लागतं, हे बायांनी लक्षात ठेवावं. स्किन-व्हीडीच्या रांगेत मी एकटीच बाई होते. पुरुषांच्या घोळक्यात बसायचं नसेल तर स्त्रीरोग विभागातही सुरक्षा क्लिनिकची सोय असते, तिथे जाता येतं. ती पाटी खालीच लावली असती तर बरं झालं असतं.

डोळे, कान, चालणं, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, सगळं बघून झालं. ठीक होतं. लागण नव्यात कळली असती तर बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकच इंजेक्शन पुरलं असतं. कधीची ते सांगता येत नसेल, किंवा जुनी असेल, तर तीन, आठवड्याला एक. एकाऐवजी तीन: माझ्या उशिराचा भाव एवढाच निघाला. मी रात्र-रात्र वेडाचा आणि आंधळेपणाचा हिशोब मांडत बसले होते.

तीन म्हणजे काही मजा नव्हे, हे मात्र प्रामाणिकपणे सांगते. सिस्टर त्याला पेनिड्युर म्हणतात. आधी हातावर टेस्ट डोस, अर्धा तास बसायचं, रिअॅक्शन नाही हे बघून मग. भुकटीत पाणी घालून बाटली दोन्ही तळव्यांत घोळवतात, दुधासारखं दाट होतं, बारीक सुईत अडकतं म्हणून सुई जाड. १२ लाख या कुल्ल्यावर, १२ लाख त्या. आत ढकलताना जे ठणकतं ते सांगण्यात अर्थ नाही. सिस्टर सारखं म्हणत होत्या, 'पाय सैल सोडा, ताई, सैल सोडा, घट्ट धरलं की जास्त दुखतं.' त्यानंतर काउंटरच्या खुर्चीत मी पतसंस्थेच्या दिनदर्शिकांचा गठ्ठा बाजूला सारून उशी ठेवली. पहिल्या डोसनंतर रात्री ताप येऊ शकतो, घाबरू नका, पॅरासिटामॉल घ्या, हे आधीच सांगितलेलं होतं. मला थोडी कणकण आली, सकाळी उतरली. आठवड्याच्या आठवड्याला यायचंच, मोठा खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्याच्या वेळी नेमकी दसऱ्याची सुट्टी आडवी आली. ओपीडी बंद. सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, कॅज्युअल्टीत या, मी ड्यूटीवर आहे. पैसे कशालाच लागले नाहीत, ना तपासणीला ना इंजेक्शनला.

मुलाचं वेगळं. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्या महिन्यात नव्हतं म्हणजे नवव्यात नव्हतंच असं नाही, एकदा त्याचंही बघू. ते वाक्य ऐकून रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस, पॅकेजच्या लाल अक्षरांपेक्षा वाईट. त्याला सांगितलं हिमोग्लोबिन बघायचंय. त्यानं रक्त दिल्याचा मोबदला म्हणून दोन वडापाव वसूल केले. नॉन-रिअॅक्टिव्ह आला. तो कागद आता निळ्या फाइलीत आहे.

सिव्हिलमध्ये जे नाही तेही लिहायला हवं. सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार लक्षणांवरून करतात. सात रंगांच्या किटमध्ये गोळ्या येतात, करड्या, हिरव्या, पांढऱ्या वगैरे, ज्या तक्रारीला जो रंग. ज्याला तक्रार आहे त्याच्यासाठी पद्धत चांगली, त्याच दिवशी औषध हातात. पण ज्याला काहीच होत नाहीये आणि फक्त धास्ती आहे, त्याच्या क्लॅमिडियाची पीसीआर आमच्याकडे होत नाही. ती मी बाहेरून केली, मॅडमनी घेतलेल्या स्वॅबवर. निगेटिव्ह. म्हणजे खासगी लॅब वाईट असं नाही. काय तपासायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन जा, तेवढंच करा, ती लॅब छान काम करते. पॅकेज घेऊ नका. बायकांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी त्याच फेरीत करून घ्यावी, तिशीपुढच्यांची तिथे होते, मीही केली. आणि हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आलाच आहे तर लस घेऊन टाकावी. मी घेतेय, ०, १, ६ महिन्यांची.

आणखी एक, पावत्या जपण्याची सवय नसलेल्यांसाठी. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची उपचारानंतरही जन्मभर पॉझिटिव्हच राहते. पुढे ऑपरेशन, रक्तदान, परदेशी नोकरी, कुठेही ती निघणार आणि नवा डॉक्टर नव्यानं घाबरवणार. कोणत्या तारखांना किती युनिट दिलं आणि आरपीआर कुठून कुठे आला, हा कागद लॅमिनेट करून ठेवा. माझी सहा महिन्यांनी केलेली आरपीआर १:२ आली, त्याच लॅबमध्ये. १:८ वरून दोन पायऱ्या खाली. काहींची पूर्ण शून्यावर येत नाही, खालच्या पायरीवर अडून राहते, त्यानं बिघडत नाही असं मॅडम म्हणाल्या. पुढची वर्षाला, मग दोन वर्षांना.

जायचं असेल तर सोमवारी जाऊ नका, सुट्टीनंतरची सगळी गर्दी त्या दिवशी असते. बुधवार-गुरुवार बरा. ओपीडी सकाळचीच, बाराच्या आत नंबर लावा. जुने रिपोर्ट, गरोदरपणाची फाइल, जे असेल ते न्या. केसपेपरच्या खिडकीवर 'काय त्रास?' विचारलं तर 'तपासणी, आयसीटीसी' एवढंच सांगायचं. खिडकीवरचा माणूस पुढे काही विचारत नाही, वर मानही करत नाही.